पुडी सापडली रविवारी, बोला मात्र गुरुवारी

या वेळचं पत्र सांगलीतूनच आलंय. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडं आवरतं घेऊन देते.

«डॉक्टर मॅडम, विश्रामबागला राहते. घरात सासूबाई, मिस्टर, चार वर्षांची मुलगी आणि माझे धाकटे दीर. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. दीर तेवीस वर्षांचे, डिप्लोमा झालाय, एका शोरूममध्ये नोकरी करतात. गेल्या रविवारी त्यांची जीन्स मशीनला टाकताना छोट्या खिशात झिपची बोटाएवढी पिशवी सापडली. आत पांढरट पावडर. सोबत विसाची नोट, सुरळी करून चपटी झालेली. विचारलं तर आधी उडवून लावलं. मग म्हणाले, "वहिनी, एमडी आहे. दारूपेक्षा बरं. वास येत नाही, सकाळी डोकं धरत नाही. महिन्यातून दोनदा, तेही पोरांसोबत मळ्यात. दादाला सांगू नका." शनिवारी रात्री जातात, रविवारी दुपारी येतात, जेवत नाहीत. मंगळवारी सासूबाईंनी नुसतं "चहा टाकू का" विचारलं तर कप आपटला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मी ऐकलं. फोनवर मित्रांना "तुझे पंधराशे पाठव" असंही चालू असतं. पुडी मी पुरावा म्हणून मोहरीच्या डब्यामागे ठेवलीय. मिस्टर तापट आहेत, कळलं तर हात उचलतील. मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणू का? आणि हे खरंच दारूपेक्षा बरं असतं का? — एक वहिनी»

वहिनी, आधी ती पुडी. घरात चार वर्षांचं लेकरू आहे, आणि पुडी तुम्ही ठेवली आहे ती स्वयंपाकघरात. शिवाय कायदा ती कुणाच्या खिशातून आली हे नंतर विचारतो, कुणाच्या ताब्यात मिळाली हे आधी. उद्या ती तुमच्या फळीवर मिळाली तर "पुरावा म्हणून ठेवली होती" हे सांगायला तुम्हाला वकील लागेल. कशी लागते म्हणून जिभेवर ठेवून बघू नका, हुंगू नका. संडासात टाका, पाणी सोडा, पिशवी कचऱ्यात, हात साबणाने. पुरावा तुम्हाला लागणारच नाही, कारण त्याने कबूल केलंय. (मी त्याला "तो" म्हणते, माझ्या मुलाच्या वयाचा आहे.)

आता हे आहे काय. महाराष्ट्रात पोरं ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन. काही जण म्याऊ म्याऊही म्हणतात. नाव ऐकून बऱ्याच मुलांचा समज होतो की हे एमडीएमए, म्हणजे एक्स्टसीची गोळी. ते वेगळं, हे वेगळं. येमेन, इथिओपियाकडे लोक खात नावाच्या झुडपाचा पाला चघळतात, त्यात कॅथिनोन नावाचं उत्तेजक असतं. मेफेड्रोन हे त्याचं कारखान्यात बनवलेलं भावंड. प्रयोगशाळेत ते १९२९ सालीच तयार झालं होतं, मग सगळे विसरून गेले. २००३ नंतर इंटरनेटवरून ते पुन्हा वर आलं. इंग्लंडात काही काळ झाडांचं खत म्हणून, "माणसांनी खाऊ नये" असं पाकिटावर छापून, राजरोस विकलं जायचं. तिथे एप्रिल २०१० मध्ये बंदी आली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं.

हे सगळं मुंबई-पुण्याचं, असं सांगलीकरांना आता म्हणता येत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलीस कुपवाडला आले आणि साठा घेऊन गेले. मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच पकडला. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्व्याच्या एमआयडीसीत आणखी एक. तेव्हा तुमच्या दिराच्या खिशात पुडी आली यात मला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं.

दारूपेक्षा बरं का? वास येत नाही हे खरं आहे. म्हणून तर घरात उशिरा कळतं. पण तुलना वासाची करायची नसते, घड्याळाची करायची. नाकाने ओढलेली एमडी काही मिनिटांत चढते. मेंदूत हुरूप, आनंद आणि सावधपणा देणारी रसायनं असतात. रोज ती थेंबाथेंबाने सुटतात आणि परत गोळा केली जातात. ही पावडर साठा एकदम सोडून देते आणि परत गोळा करण्याची वाटही अडवते. त्यामुळे पोरगा बडबडा होतो, सगळे मित्र जिवाभावाचे वाटतात, गाणं अंगात शिरतं, झोप आणि भूक पळते. अर्ध्या तासात हे शिगेला पोचतं. दोन-तीन तासांत उतरतं, आणि उतरणं सुरू होतं त्या क्षणी डोक्यात एकच गोष्ट उरते: अजून एक लाइन, म्हणजे नाकात ओढायची पावडरीची आणखी एक रेघ.

खरी मेख इथे आहे, आणि पोरांना ती कुणी सांगत नाही. पहिली लाइन तो ठरवून घेतो. दुसरी, तिसरी, पाचवी ही पावडर त्याच्याकडून घेववते. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे एकच वाक्य बोलतात: "मॅडम, थोडीच घ्यायचं ठरवलं होतं, पुडी संपेपर्यंत थांबलो नाही." पुढच्या लाइनने आनंद पहिल्याइतका येत नाही, कारण साठा रिकामा झालेला असतो. हृदयावरचा ताण मात्र प्रत्येक वेळी आधीच्यात भर घालतो. दारू पिणारा कधीतरी आडवा होतो, त्याचं शरीरच त्याला थांबवतं. एमडी घेणारा जागाच राहतो. वर दारूही पीत असेल तर तीही जास्त जाते, कारण किती चढली ते त्याला कळत नाही. पोरं हेच "बरं" म्हणून सांगतात.

तुमच्या मिस्टरांच्या दुकानात हळदीचा सौदा कसा होतो ते तुम्ही पाहिलं असेल. कांडी मोडून आतला रंग बघतात, ओल बघतात, हातात वजन तोलतात, मग बोली. एवढं करूनही कधीकधी पोतं फसवं निघतं. ही पावडर मात्र पोरं मोबाइलच्या उजेडात बघतात आणि नाकात ओढतात. आत मेफेड्रोन किती, कॅफिन किती, दुसरं कुठलं उत्तेजक किती, घेणाऱ्यालाच काय, विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मागच्या शनिवारी जेवढी झेपली तेवढीच या शनिवारी झेपेल याला कसलाच आधार नाही. आणि ती चपटी झालेली विसाची नोट. ती एकाच नाकाला लागली नसणार. सततच्या ओढण्याने नाकात आतून जखमा होतात, रक्त येतं, आणि तीच नोट चौघांत फिरली की हेपॅटायटिस सी सारखा यकृताचा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. हे त्याला जरूर सांगा. मरणाच्या भीतीने न हलणारी मुलं कधीकधी दुसऱ्याच्या शेंबडाच्या किळसेने हलतात, हा माझा अनुभव आहे.

आता तुम्हाला माहीत असायलाच हवी अशी गोष्ट. देव न करो, पण एखाद्या रविवारी पहाटे मित्रांनी त्याला घरी आणून टाकला तर? डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जबडा आवळलेला, घाम, हात थंड आणि बोटं निळसर, छातीत धडधड हे दिसेलच. पण पुढच्यातलं काहीही दिसलं तर घरी एक मिनिटही थांबायचं नाही: छातीत दुखणं, अंग भट्टीसारखं तापणं, आकडी, न थांबणारी थरथर, असंबद्ध काहीतरी बरळणं, कुणीतरी मारायला आलंय असा आरडाओरडा, किंवा उठवून न उठणं. तेविसाव्या वर्षी छातीत दुखलं तर "पित्त असेल" म्हणून सोडा पाजू नका. या पावडरीने रक्तवाहिन्या आखडतात, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, तरण्या पोराचंही हृदय गडबडतं.

१०८ ला फोन करा. तोवर कपडे सैल, पंखा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा. शुद्धीत नसेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. आकडी आली तर तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. लिंबू चोखायला देऊन किंवा ताक पाजून हे उतरत नाही. तहान लागली तर घोट-घोट पाणी. तांब्यामागून तांब्या पाजला तर रक्तातलं मीठ पातळ होऊन उलट आकडी येऊ शकते. आरडाओरडा नको, चार माणसांनी दाबून धरणं नको. धरून ठेवलेलं शरीर झगडतं आणि आणखी तापतं.

आणि डॉक्टरला खरं सांगा. "काहीतरी खाल्लंय बाहेर" असं सांगून नातेवाइकांनी घालवलेला अर्धा तास मी पाहिलाय. एमडीवर उतारा असं इंजेक्शन नाही, पण शांत करणारी औषधं, ताप उतरवणं, सलाइन, ईसीजी यांनी जीव वाचतो. फक्त काय घेतलं ते कळायला हवं. हॉस्पिटलात पोलिसांना कळवायची नोंद होऊ शकते, हे तुमच्यापासून लपवत नाही. तरीही जा.

आणखी एक विचारून ठेवा. तो कुणाकडून नैराश्याच्या, चिंतेच्या गोळ्या घेतो का? एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्या, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, यांच्याबरोबर एमडी गेली तर शरीरात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा अतिरेक होऊन थरथर, ताप, बेशुद्धी असं जिवावरचं प्रकरण होऊ शकतं. खोकल्याचं औषध आपल्याकडे घरातल्या कुठल्याही कपाटात असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता मंगळवार. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते नळ सोडून रडणं. शनिवारी साठा उधळला, रविवार झोपेत गेला, सोमवारी कसंबसं कामावर, आणि मंगळवारी मेंदू रिकाम्या कोठारात हात घालतो. चहाचा कप आपटला तो सासूबाईंवर नव्हता. पोराला स्वतःलाही कळत नसतं की आज एवढं उदास का वाटतंय. पोटात दोन दिवस नीट अन्न नाही, जागरण वेगळंच. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत निवळतं. पण याच दिवसांत काहींच्या डोक्यात जीव द्यायचे विचार येतात. तसं काही पुसटसं बोलला, तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट मोकळं होतं. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

"महिन्यातून दोनदा" हा आकडा मी ऐकून ठेवते, धरून बसत नाही. दोनदाचं चारदा होताना घरच्यांना दिसतं ते वेगळंच: पगार पंधरा तारखेला संपणं, बुधवारी पण "जरा जाऊन येतो", जुने मित्र गळणं, फक्त मळ्यातले उरणं. पुढे पुढे रात्र-रात्र घेणाऱ्यांना भास होतात, संशय बसतो. अशी एक आई माझ्याकडे आली होती, मुलाने घरातले सगळे आरसे वर्तमानपत्राने झाकले होते म्हणून.

किट आणू नका. मेडिकलमध्ये मिळणारी साधी पट्टी गांजा, अफू अशा ठरावीक गोष्टी पकडते, मेफेड्रोन तिच्यात बहुतेकदा सापडतच नाही. म्हणजे पट्टी कोरी येणार, तो सुटल्यासारखा वागणार, आणि तुम्ही चोरून लघवी तपासली एवढंच त्याच्या लक्षात राहणार. तुमच्याजवळ एकच भांडवल आहे. त्याने ही गोष्ट आईला नाही, भावाला नाही, तुम्हाला सांगितली. ते पट्टीवर घालवू नका.

त्या पंधराशेंबद्दल मात्र मी त्याच्याशी कडक बोलले असते. त्याच्या हिशेबी तो फक्त चौघांची वर्गणी गोळा करून एकाच्या गाडीवरून माल आणतो. कायद्याच्या हिशेबी तो पुरवतो. नुसत्या सेवनाला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आहे. मेफेड्रोन दोन ग्रॅमपर्यंत असेल तर कायदा त्याला अल्प प्रमाण म्हणतो, त्याच्या वर गेलं की शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. पन्नास ग्रॅमच्या पुढे तर दहा ते वीस वर्षं. चार मित्रांची पुडी एकाच्या खिशात असताना दोन ग्रॅम व्हायला वेळ लागत नाही. आणि फोनमधले "पाठव" सगळे तारीख-वेळेसकट तिथेच राहतात. याच कायद्यात एक दारही आहे, कलम ६४ अ: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. पुरवणाऱ्याला हे दार नाही. हे त्याला नीट, भीती न घालता, वकिली न करता सांगा.

कधी सांगायचं? शनिवारी नाही, तेव्हा तो मनाने मळ्यात असतो. रविवारी नाही, झोपेत असतो. मंगळवारी तर नाहीच, तेव्हा त्याला तुमचा प्रत्येक शब्द फटक्यासारखा लागेल. गुरुवारी संध्याकाळी बोला. तोवर झोप आणि जेवण रुळावर आलेलं असतं आणि पुढचा शनिवार अजून दोन दिवस लांब असतो. घरात नको. मुलीला घेऊन गणपती मंदिराकडे किंवा हरिपूरला संगमावर जा, त्याला गाडी काढायला सांगा. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी चालताना मुलं जास्त बोलतात. सुरुवात "तू असं का केलंस"ने करू नका. "भाऊजी, मंगळवारी तुम्ही रडत होता, मला ऐकू आलं" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड आहे, मला माहीत आहे. तरी बसा. ("सोड नाहीतर दादाला सांगते" ही धमकी एकदाच वापरता येते. ती वापरली की तो सोडत नाही, लपवायला शिकतो.)

त्याने थांबतो म्हटलं तर वचन घेऊ नका, शपथ घालू नका. एकच मागा: येत्या शनिवारी मळ्यात जायचं नाही, त्या रात्री काय करायचं ते आत्ताच ठरवायचं. आणि नाही थांबला, तरी निदान एवढं कबूल करून घ्या की एकटा असताना घेणार नाही, दारूवर घेणार नाही, आणि रविवारी सकाळी जागरणाच्या डोळ्यांनी गाडी चालवत येणार नाही, तुम्हाला फोन करेल. काही वाचक म्हणतील, डॉक्टरच सवलत देतात. मला आधी तो जिवंत हवा आहे. सोडवायचं काम मग करता येतं.

मिस्टरांना कळायला हवं, पण तुमच्याकडून एकट्याने नाही आणि पुडीच्या रूपात नाही. दिराला विचारा: "दादाला तुम्ही सांगताय की मी सोबत बसू?" दोन आठवड्यांची मुदत द्या. मिस्टरांना तुम्ही आधी एवढंच सांगून ठेवा की भाऊजींची तब्येत बरी नाही, डॉक्टरकडे नेणार आहोत, हात उचलायचा नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय. माझं नाव पुढे करा. हळदीच्या दुकानात माणूस दिवसभर घासाघीस करतो, त्याला मुदतीचा सौदा समजतो. आणि तो दिरावर किंवा तुमच्यावर हात उचलेल असं खरंच वाटत असेल, तर सांगताना घरातलं मोठं माणूस हजर ठेवा, सासूबाई नव्हे, त्यांचा भाऊ असेल तर तो.

उपचाराला गोळीच्या बदल्यात गोळी असं या व्यसनात काही नाही. दारूसारखी सोडताना फेफरं येण्याची भीती सहसा नसते; झोप, उदासी, चिडचिड आणि शनिवार जवळ आला की येणारी ओढ, ही लढाई असते, काही आठवड्यांची, काहींची महिन्यांची. समुपदेशन हेच मुख्य औषध, उदासी खोल असेल तर त्यावर गोळ्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जायच्या आधी नुसतं विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, नाव न सांगता बोलता येतं. एक सावधगिरी: रात्री गाडी पाठवून पोराला "उचलून नेतो" म्हणणाऱ्या केंद्रांना होकार देऊ नका. अशा एका ठिकाणाहून साखळीचे वळ घेऊन आलेला मुलगा मी तपासलाय, आणि तो परत त्याच पावडरीकडे गेला, जास्त रागाने. केंद्राची नोंदणी विचारा, आत मानसोपचारतज्ज्ञ येतो का विचारा, घरच्यांना भेटू देतात का विचारा.

मिरजेला ओपीडीच्या दिवशी सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते. रांगेत तुम्ही त्याच्यासोबत उभ्या राहा. नंबर आल्यावर मात्र आत त्याला एकट्याला जाऊ द्या, आणि बाहेर आल्यावर "काय म्हणाले डॉक्टर" हे विचारायच्या आधी त्याला काहीतरी खायला घाला.